जुनी होडी पहिल्यांदाच घेताय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की दरवर्षी फोन सुरू होतात, अमक्या बंदरात एक होडी विकायची आहे, बघून आलो, छान वाटली, घेऊ का. प्रत्येकाला तेच तेच सांगतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. हे कोकण किनाऱ्यापुरतं आहे, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत, आणि छोट्या होड्यांबद्दल आहे, साधारण वीस ते पस्तीस फुटांच्या, फायबरच्या किंवा लाकडी. मोठ्या ट्रॉलरचा व्यवहार वेगळा असतो, त्यात मी पडत नाही.

माझं सांगणं एकच आहे आणि खाली फिरून फिरून तेच येईल. होडी कोरडी असताना बघा, पाण्यात घालून चालवा, आणि कागद तुमच्या नावावर होईपर्यंत सगळे पैसे सोडू नका. तिन्ही गोष्टी झाल्या पाहिजेत. मी पहिल्या होडीला दोनच केल्या, कोरडी बघायची राहिली, आणि माझा अख्खा सीझन किनाऱ्यावर गेला.

मुळात जुनी घ्यावी का? कर्ज काढून नवीनच का नको?

पहिली होडी असेल तर जुनीच घ्या असं मी सांगतो. तुम्हाला नक्की कशी होडी लागते हे दोन सीझन समुद्रात गेल्याशिवाय कळत नाही. आज वाटतं बावीस फूट पुरे, मग कळतं की जाळी टाकल्यावर उभं राहायला जागा नाही, किंवा उलटं होतं, मोठी घेतली आणि ती ढकलून वर काढायला रोज सहा माणसं कुठून आणणार. हे शिकणं जुन्या होडीवर स्वस्तात होतं. पण जुनी म्हणजे स्वस्त असं डोक्यातून काढून टाका. जुन्या होडीची किंमत दोनदा द्यावी लागते, एकदा मालकाला आणि एकदा मिस्त्रीला, दुसरी रक्कम किती ते आधी माहीत असलं म्हणजे झालं.

लाकडाची घेऊ की फायबरची?

पहिल्यांदा घेताय आणि घरात कोणी लाकडी होडी सांभाळलेली नाही, तर फायबर. लाकडी होडी समुद्रात बसते छान, वजनदार असते, डुलते कमी, जुने तांडेल (होडी चालवणारे) अजून तिचंच नाव घेतात आणि ते खरंही आहे. पण तिला दरवर्षी हात लावावा लागतो, फटी भरणं, तेल-रंग, खिळे बघणं, आणि हे काम येणारे मिस्त्री आता गावोगाव राहिलेले नाहीत. तुमच्या बंदरात असा एखादा मिस्त्री असेल आणि तो तुमच्या होडीला हात लावायला तयार असेल तर लाकडी बिनधास्त घ्या. नाहीतर नको.

बघायला कधी जाऊ?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात आणि खरंतर तो पहिला पाहिजे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते. मे संपता संपता होड्या वर काढून शाकारून ठेवतात, झापं नाहीतर ताडपत्री टाकून. होडीचं पोट, पठाण (तळाचं मधलं लांब लाकूड), मागची बाजू, पंखा (प्रोपेलर), सगळं उघडं असतं, मालक घरी असतो, त्याला वेळ असतो. बघायला यासारखा काळ नाही. फक्त पाऊस उघडल्यावर, उजेडात, ताडपत्री पूर्ण काढून बघा. मालक म्हणाला परत शाकारायला त्रास होईल तर सांगा, दादा मी हात लावतो, पण काढूया.

अडचण एकच, जून-जुलैत समुद्रात ट्रायल घेता येत नाही आणि घ्यायचीही नाही. म्हणून मी काय सांगतो, बघणं पावसाळ्यात उरकायचं, थोडं टोकन द्यायचं, आणि ऑगस्टमध्ये दर्या शांत झाल्यावर, नारळी पौर्णिमेच्या आसपास, चालवून बघून मग बाकीचं बोलायचं. मालकही बहुतेक वेळा ऐकतात, कारण पावसाळ्यात त्यांनाही पैशाची गरज असते आणि गिऱ्हाईक कमी असतं.

सीझन चालू असताना जावं लागलं तर तिथी बघून जा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं आणि तितकंच लांब ओसरतं. आपल्या किनाऱ्यावर त्या दिवसांत भरती दुपारी बाराच्या आगेमागे आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ येते, म्हणजे पहाटे उठून गेलात तर खाडीत नांगरलेली होडी चिखलावर बसलेली सापडते. दोन-अडीच तास मिळतात. भांगाच्या दिवशी, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, गेलात तर ती पाण्यातच तरंगत असणार, वरचा रंग बघून परत याल.

सोबत काय न्यायचं?

एक चांगला टॉर्च, एक छोटा हातोडा किंवा नुसतं एक रुपयाचं नाणं, जुना स्क्रू ड्रायव्हर, पांढरं फडकं, आणि चिखलात लोळले तरी चालतील असे कपडे, कारण होडीखाली आडवं पडल्याशिवाय पोट दिसत नाही. आणि एक माणूस. तो माणूस मालकाचा पाहुणा नको, मधला दलाल नको, आणि शक्यतो त्याच बंदरातला नको, त्याला उद्या तिथेच राहायचं असतं, तो तोंडावर बोलणार नाही. बाजूच्या बंदरातल्या मिस्त्रीला दिवसाची मजुरी आणि पेट्रोल देऊन न्या. एवढे पैसे सार्थकी लागतील असे पूर्ण व्यवहारात दुसरे नसतील.

फायबरच्या होडीत नक्की काय बघायचं?

आधी माझं सांगतो. मी पहिली होडी घेतली ती एप्रिलमध्ये, पाण्यात होती, निळा रंग नवाकोरा, इंजिन एका दोरीत चालू झालं, कागद स्वच्छ. चालवली, मस्त पळाली. वर काढून बघायचं म्हटलं तर मालक म्हणाला आता सीझनमध्ये कुठे काढताय, आणि मला पण घाई होती. पंधरा दिवसांनी फिश फाइंडरचा (मासे शोधायच्या यंत्राचा) ब्रॅकेट लावायला मागच्या पाटीला, जिथे इंजिन टांगतात त्या ट्रान्समला, ड्रिल मारलं. पहिले तीन-चार मिलिमीटर पांढरी फायबरची पूड आली, मग ड्रिल एकदम लोण्यात गेल्यासारखं आत शिरलं, आणि बाहेर काढल्यावर भोकातून चहाच्या रंगाचं पाणी गळायला लागलं. बोट लावून वास घेतला तर कुजक्या पानांचा. आतलं प्लायवूड पूर्ण गेलं होतं, इंजिन फक्त वरच्या फायबरच्या सालीवर टांगलेलं होतं. भर समुद्रात पाट फाटली असती तर इंजिन खाली आणि पाणी आत. मालकाला माहीत होतं की नव्हतं हे मला आजही सांगता येत नाही, मी त्याला कधी विचारलं नाही, कारण बघायचं काम माझं होतं.

म्हणून फायबरच्या होडीत सगळ्यात आधी ट्रान्सम. आउटबोर्ड (पाटीवर बाहेरून टांगायचं इंजिन) लावलेलं असताना त्याचा खालचा पाय धरा आणि जोर लावून वर-खाली हलवा, आणि दुसऱ्या माणसाला पाटीकडे बघायला सांगा. पाट जराही वाकली, कोपऱ्यात भेग उघडली-मिटली, बोल्टाच्या कडेनं पाणी पाझरलं, तर आतलं लाकूड गेलेलं आहे. मग नाण्यानं ठोका. चांगल्या जागी टक टक असा कडक आवाज येतो, जिथे थर सुटलेत किंवा आत पाणी आहे तिथे थप थप असा बसका येतो. एकदा कानाला फरक कळला की मग चुकत नाही. असाच ठोकत ठोकत सगळ्या पोटावरून जा, आतला फ्लोअर, इंजिनची बैठक, सगळं.

वरच्या चकचकीत थरावर, जेलकोटवर, केसासारख्या बारीक भेगा असतात त्या बघा. उन्हानं सगळीकडे सारख्या पसरलेल्या असतील तर त्या वरवरच्या. एका जागेवरून कोळ्याच्या जाळ्यासारख्या फाकलेल्या असतील तर तिथे मार लागलेला आहे, त्याच जागेची आतली बाजू बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. पोटावर फोड आलेले असतील, नखानं दाबल्यावर आंबट वासाचं पाणी येत असेल, तर फायबरमध्ये पाणी शिरलंय. थोडे फोड असतील तर घासून, पूर्ण सुकवून, परत मॅट (फायबरचं कापड) आणि रेझिन (ते घट्ट धरणारी राळ) मारता येतं. सगळं पोट फोडांनी भरलं असेल तर सोडा.

अजून एक, फ्लोअरखाली फोम भरलेला असतो. तो वर्षानुवर्षं पाणी पिऊन बसला की होडी जड होते. तशाच मापाच्या दुसऱ्या होडीशेजारी लावून बघा, रिकामी असताना जर ती जास्त खाली बसत असेल किंवा नेहमी चार माणसांनी ढकलली जाते तिला सात लागत असतील, तर कारण हेच असतं.

आणि फायबरचं रिपेअर पावसाळ्यात घाईनं करून घेऊ नका. दमट हवेत, ओल्या पृष्ठभागावर रेझिन नीट धरत नाही, वरून कडक दिसतं आणि डिसेंबरात साल सुटून येते.

आणि लाकडी होडीत?

लोकांना वाटतं लाकूड खाऱ्या पाण्यानं कुजतं. खारं पाणी लाकडाला उलट टिकवतं, कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. म्हणून कूज बघायची ती वरून पाणी साठतं तिथे. नाळेच्या (होडीच्या पुढच्या टोकाच्या) आतल्या कोपऱ्यात, मागच्या बाजूच्या सांध्यात, फळ्या एकमेकांना मिळतात तिथे, तळाशी जिथे पावसाचं पाणी उपसायचं राहून गेलेलं असतं तिथे. स्क्रू ड्रायव्हर हातानं दाबा, ठोकायचा नाही. चांगल्या सागात तो अर्धा सेंटीमीटरही जात नाही. जिथे केकमध्ये सुरी जावी तसा गेला तिथे खडूनं खूण करा. शेवटी लांब उभं राहून खुणा किती आणि कुठे आहेत ते बघा. एका फळीवर तीन खुणा असतील तर ती फळी बदलता येते. पठाणावर किंवा आतल्या बरगड्यांसारख्या आडव्या लाकडांवर खुणा असतील तर तो होडीचा कणा आहे, त्याला हात घालायचा म्हणजे अर्धी होडी नवी बांधायची.

दुसरा शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा समुद्री किडा. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं आणि आत बोट जाईल एवढी पोकळी झालेली असते. तो फक्त पाण्याखालच्या भागात असतो, म्हणून पाण्याच्या रेषेखाली, विशेषतः जिथे रंग खरवडला गेलाय तिथे, टॉर्च लावून इंच न् इंच बघा आणि हातोड्याच्या मागच्या बाजूनं ठोका. मी ज्या मिस्त्रींना नेतो ते डोळे मिटून ठोकतात. एकदा त्यांनी एका होडीवर तीनच ठोके मारले, चौथा मारलाच नाही, माझ्याकडे बघून फक्त मान हलवली आणि हात धुवायला गेले. मालक समोर होता म्हणून काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर म्हणाले, आत काही नाहीये बाबा, नुसता रंग उभा आहे.

खिळ्यांकडे बघा. लोखंडी खिळा गंजला की रंगातून तांबूस ओघळ खाली येतो आणि खिळ्याभोवतीचं लाकूड काळं, मऊ पडतं. दोन-चार ओघळ सगळ्या जुन्या होड्यांना असतात. रांगच्या रांग असेल तर फळ्या धरून ठेवणारं काही उरलेलं नाही.

मालक म्हणतो लाकडी होडीत पाणी थोडं येतंच, खरंय का?

खरंय, पण किती दिवस ते महत्त्वाचं. महिना-दोन महिने वर राहिलेली लाकडी होडी सुकते, फळ्या आक्रसतात, पाण्यात घातल्यावर पहिल्या दिवशी पाणी येणारच. फळ्या फुगल्या की फटी मिटतात. तीन-चार दिवसांत पाणी जवळजवळ थांबलं पाहिजे. आठवडा झाला तरी सकाळ-संध्याकाळ उपसावं लागत असेल तर ते फुगण्याचं पाणी नव्हे. मालकाला सांगा, चार दिवस पाण्यात ठेवू आणि रोज सकाळी मी येऊन बघतो. रोज जा, आणि त्याच्या आधी जा.

डिझेल इंजिन कसं तपासू?

थंड असताना. हे एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे. फोन करून सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका, आणि गेल्या गेल्या ब्लॉकला हात लावा. कोमट लागलं तर मालकानं आधीच चालू करून ठेवलंय, मग चहा प्या, गप्पा मारा, दोन-तीन तास थांबा.

चालू करायच्या आधी ऑइलची पट्टी काढून पांढऱ्या फडक्यावर पुसा. काळं ऑइल चालतं. दुधासारखं, कॉफीसारखं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी जातंय, हेड किंवा गॅस्केट किंवा कूलर गेलेला आहे. गिअरबॉक्सचं ऑइल पण असंच बघा, ते कोणी बघत नाही. चालू झाल्यावर धूर बघा. सुरुवातीला थोडा पांढरा येऊन गेला तर ठीक, येतच राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत येतंय. निळा म्हणजे इंजिन ऑइल खातंय, रिंगा झिजल्यात. लोड दिल्यावर काळा येत राहिला तर नोझल, हवा किंवा चुकीचा पंखा.

मग खाली वाका. शाफ्ट जिथून होडीबाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून, दोरीचं पॅकिंग असेल तर, चालू असताना थेंब थेंब पाणी पडलं पाहिजे, तेच त्याला थंड ठेवतं. धार लागली तर पॅकिंग किंवा शाफ्ट झिजलाय. होडी वर असेल तेव्हा पंखा हातानं धरून वर-खाली हलवा, खडखड झाली तर बुश गेलं. पोटाला लावलेले झिंकचे तुकडे बघा. ते झिजणं बरोबर आहे, त्यासाठीच असतात, पण पूर्ण संपून नुसते बोल्ट उरले असतील तर त्यानंतर खाऱ्या पाण्यानं तुमचा पंखा आणि शाफ्ट खायला घेतलेला आहे.

आउटबोर्ड असेल तर?

किनाऱ्यावर असाल तर पिंपात पाणी भरून त्यात पाय बुडवून चालू करा, कोरडं कधीच चालवू नका, पाणी ओढणारा रबरी इंपेलर लगेच जळतो. चालू झाल्यावर मागच्या छोट्या भोकातून पाण्याची धार उडाली पाहिजे, बारीक किंवा तुटक असेल तर कूलिंगच्या वाटा मिठानं भरल्यात. गिअरचा स्क्रू खालून सैल करून दोन थेंब ऑइल काढा, पांढरट असेल तर सील गेलं. मेकॅनिकला बोलावून कॉम्प्रेशन बघा, सगळ्या सिलिंडरचं जवळपास सारखं हवं, एक खूप खाली असेल तर भाव तिथेच थांबवा.

आणि इंजिनाचा सिरियल नंबर बिलाशी ताडून बघा. प्लेट खरवडलेली, नवीन रिव्हेट मारलेली, किंवा मालक म्हणतो बिल हरवलं, तर इंजिन घेऊ नका. आउटबोर्ड चोरीला जातात, आणि ज्याचं गेलं त्याचं पूर्ण घर त्यावर चालत होतं.

नवीन रंग मारलेली होडी बघून शंका घ्यावी का?

दरवर्षी रंग मारणं ही आपल्याकडची रीत आहे, त्यामुळे लगेच संशय नको. पण विकायला काढल्यावर रंग मारला असेल तर मालकाला विचारा की आधीचे फोटो आहेत का. आजकाल प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतात, नारळी पौर्णिमेचे, पोराच्या वाढदिवसाचे, मागे होडी दिसतेच.

कागद कोणते बघायचे?

इथे घाई करू नका, होडी चांगली आणि कागद वाईट अशी जोडी फार वेळा भेटते.

रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट आधी बघा. मासेमारी होड्यांची नोंदणी आता रिअलक्राफ्ट या ऑनलाइन सिस्टीमवर असते आणि नंबर आयएनडी-एमएच असा सुरू होतो. तो नंबर नाळेवर रंगवलेला असतो, तो आणि कागदावरचा एकच आहे ना, लांबी-रुंदी जुळते ना, इंजिनाचा नंबर जुळतो ना. इंजिन बदललेलं असतं आणि कागदावर जुनंच राहिलेलं असतं हे अगदी नेहमीचं आहे, ते मालकाकडूनच दुरुस्त करून घ्या, तुमच्या गळ्यात नको. दुसरा कागद मासेमारीचा परवाना, तो १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मिळतो. होडी घेतली म्हणजे परवाना आपोआप तुमचा झाला असं समजू नका, तुमच्या नावावर झाल्याशिवाय जाळं घेऊन बाहेर पडू नका. तिसरं म्हणजे बोजा. होडीवर बँकेचं किंवा संस्थेमार्फत घेतलेलं कर्ज आहे का, डिझेलचे पैसे संस्थेत थकलेत का. मालकाच्या मच्छीमार सहकारी संस्थेत स्वतः जा, सेक्रेटरींना भेटा, बाकी नसल्याचा दाखला लेखी घ्या. तोंडी काही नाही म्हणाले म्हणून निघून येऊ नका.

नाव बदलण्याचा अर्ज मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा ऑफिसात, सहायक आयुक्तांकडे, करायचा असतो. जायच्या आधी तिथल्या परवाना अधिकाऱ्यांना कागदांची यादी विचारून घ्या, चार फेऱ्या वाचतात. होडीवर ट्रान्सपाँडर (उपग्रहावरून संदेश देणारं-घेणारं यंत्र) बसवलेला असेल, २०२४ पासून सरकार मोफत बसवून देतंय, तर तोही होडीसोबत तुमच्या नावावर नोंदवून घ्या, वादळाचा इशारा त्यावर येतो.

समुद्रात कोस्ट गार्ड आणि पोलीस होडी थांबवून नंबर आणि माणसांची ओळखपत्रं बघतात, त्याचा कंटाळा करू नका. २००८ साली मुंबईवर हल्ला करायला आलेले लोक कुबेर नावाची मासेमारी बोट बळकावूनच आपल्या किनाऱ्याजवळ पोचले होते. होडी दुसऱ्याच्या नावावर आणि आत तुम्ही, हे कोस्ट गार्डला पटवून देणं भर समुद्रात सोपं नसतं.

मालक वारलेत, मुलगा विकतोय. चालेल?

होडी आधी वारसांच्या नावावर होऊ दे, मग घ्या. एक मुलगा विकतो, दुसरा मुंबईहून गणपतीला येतो आणि बाबांची होडी कुठे म्हणून विचारतो. आईची, बहिणींची, सगळ्यांची सही पाहिजे. घाई असेल तरी थांबा, त्या घराचंही दुःख ताजं असतं, त्यांनाही वेळ द्या.

मी मच्छीमार नाही, हौसेला किंवा पर्यटकांना फिरवायला घेऊ शकतो का?

मासेमारीचं रजिस्ट्रेशन असलेल्या होडीत पैसे घेऊन पर्यटक नेता येत नाहीत. प्रवासी वाहतुकीसाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे वेगळी नोंदणी, सर्व्हे, माणसागणिक लाइफ जॅकेट, इन्शुरन्स, चालवणाऱ्याचं सर्टिफिकेट, हे सगळं लागतं. तारकर्ली-मालवणात एखादी जुनी मासेमारी होडी घेऊन बाकडी टाकून धंदा सुरू करायचा विचार असेल तर आधी बोर्डाच्या बंदर ऑफिसात जाऊन विचारा की ही होडी सर्व्हेत पास होण्यासारखी आहे का. घेतल्यावर विचारू नका. लोकांची लेकरं त्यात बसणार असतात.

गोव्याची किंवा गुजरातची होडी स्वस्त मिळतेय

तिकडच्या खात्याची ना हरकत आणि तिथली नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय होडी हलवू नका. पहिल्या खरेदीला मी हे करूच नका म्हणेन.

जाळी, विंच, लाइट सगळं सोबत देतायत, फायद्याचं ना?

जाळी कोणती ते बघा. ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेपासून राज्यात पर्ससीनचे (थव्याला वेढून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्याचे) नवीन परवाने बंद आहेत, आणि एलईडी लाइट लावून मासेमारीला केंद्रानं २०१७ पासून बंदी घातलेली आहे. त्या सामानासकट होडी घेतलीत तर पैसे देऊन बंदी असलेलं सामान घरी आणाल, दंड लाखांत जातो. आणि दंडाचं सोडा, त्या लाइटखाली पिल्लं सुद्धा ओढली जातात, मग आपल्या पारंपरिक जाळ्याला काय येणार.

साधी जाळी असतील तर उन्हात ताणून बघा, तंतू हातानं ओढून तुटत असतील तर वजनाच्या भावानं धरा.

भाव कसा ठरवायचा?

होडी आणि इंजिन यांचा भाव वेगळा वेगळा विचारा, एकत्र कधी नको. मग मिस्त्री आणि मेकॅनिक यांनी सांगितलेला खर्च कागदावर लिहा. समजा मालक दोन लाख सांगतोय आणि दुरुस्ती साठ हजार निघाली, तर साठ हजार सरळ वजा करा आणि वर थोडं अजून, कारण उघडल्यावर कूज नेहमी दिसते त्यापेक्षा जास्त निघते. हे मालकासमोर आवाज न चढवता, यादी दाखवून बोला. त्याच्या होडीला नावं ठेवू नका, कित्येकांचं घर तिनं उभं केलेलं असतं, त्यांच्या बायका अजून तिच्यापुढे नारळ फोडतात. नाखवांना मान देऊन बोललात तर ते स्वतःहून सांगतात की बाबा, ह्या कोपऱ्यात बघ, इथे एकदा खडकाला लागली होती.

टोकन दिलंत की पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या, ट्रायलला होडी पास झाली नाही किंवा नाव बदललं नाही तर टोकन परत, असं स्पष्ट शब्दांत. बाकीचे पैसे बँकेतून द्या. शेवटचा हप्ता नाव बदलल्यावर.

ट्रायलला काय करायचं?

निदान दोन तास बाहेर राहा, खाडीत दहा मिनिटं फिरवून आणतात त्याला ट्रायल म्हणत नाहीत. निघताना तळ पुसून कोरडा करा म्हणजे पाणी आलं तर कळेल. अर्धा तास पूर्ण थ्रॉटलवर चालवा, तापमान बघा, मग बंद करा आणि गरम असतानाच परत चालू करा. सुकाणू दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. रिव्हर्स टाका. लाट आडवी घेऊन बघा, होडी कशी परत सरळ होते ते पायांना कळतं. तेवढ्या वेळात मालकाला चालवू द्या आणि तुम्ही खाली वाकून सांधे, ग्लँड, पाट बघा. लाइफ जॅकेट घाला, मालक हसला तरी घाला.

इन्शुरन्स मिळतो का जुन्या होडीचा?

फायबरचा मिळतो, जुन्या लाकडीचा मिळवणं कठीण आणि महाग पडतं, कंपनी सर्व्हेअर पाठवते. व्यवहार ठरायच्या आधीच विचारून ठेवा, होडी बंदरात बुडाली, वादळात आपटली, तर कशाला कव्हर आहे ते वाचून घ्या. खलाशांचा अपघात विमा वेगळा काढा, तो विसरू नका.

होडीचं नाव बदलू का?

कागदावर बदलता येतं, अर्जातच टाका. पण जुनं नाव देवाचं असेल तर बहुतेक जण तेच ठेवतात, मी पण ठेवलं.

ताब्यात आली, आता पहिल्यांदा काय करू?

पहिले पंधरा दिवस किनारा दिसतो तेवढ्याच अंतरात राहा. सगळी ऑइलं आणि फिल्टर बदला, आधीचे कधी बदलले हे कोणी सांगितलं तरी बदला. इंपेलर नवा टाका आणि एक जादा होडीत ठेवा. डिझेलची टाकी तळापासून रिकामी करा, जुन्या टाकीत खाली पाणी आणि गाळ बसलेला असतो आणि तो नेमका लाटांत ढवळून वर येतो, इंजिन बंद पडतं ते अशा वेळी. नांगराची दोरी स्वतःच्या पैशानं नवी घ्या. पाणी उपसायला पंप असला तरी एक बादली दोरीला बांधून ठेवा. रोज आल्यावर आउटबोर्ड गोड्या पाण्यानं धुवा, रात्री कितीही उशीर झाला तरी.

आणि एक वही करा. कुठल्या तारखेला काय बदललं, किती डिझेल गेलं, कुठून पाणी आलं. माझ्या त्या पहिल्या होडीची पाट मी पूर्ण कापून नवी करून घेतली, वहीत सगळं लिहिलेलं होतं, आतले फोटो पण होते, आणि चार वर्षांनी विकायला काढली तेव्हा घेणारा मुलगा ओहोटीला पहाटे टॉर्च घेऊन आला. मी त्याला आधी वही दिली, मग पाट दाखवली, आणि सांगितलं, पाय धरून हलवून बघ.